घोणस चावली त्या रात्रीपासून डिस्चार्जपर्यंत

आमच्या आप्पांना १८ डिसेंबरच्या रात्री शेतात घोणस चावली. आता ते घरी आहेत, स्वतःच्या पायांनी बांधापर्यंत जाऊन येतात. हे लिहायचं पहिलं कारण सरळ आहे. साप चावल्यावर पुढे काय काय होतं, कुठे किती थांबावं लागतं, कुठली कागदं लागतात, हे आधी माहीत असलं तर घरच्यांची निम्मी तारांबळ वाचते. दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. त्या तीन आठवड्यांत मला अशी माणसं भेटली की आमचे सगळ्यांचे हातपाय गळालेले असताना त्यांचे हात नीट काम करत होते. त्यांच्याबद्दल कुणी बातमी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आमची वस्ती विजापूर रस्त्यापासून आत, सोलापूरहून तासाभरावर. मी जुळे सोलापुरात राहते. दुसऱ्या दिवशी येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) होती, म्हणून मुलांना घेऊन आदल्या संध्याकाळीच गेले होते. चुलीवर आंबिलीचं बघणं चाललं होतं, भज्जीसाठी शेंगा सोलणं चाललं होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. साडेनऊला लाईट आली आणि आप्पा मोटर चालू करायला निघाले. पायात चप्पल, हातात मोबाईलची बॅटरी. उसाच्या पाचटावर पाय पडला आणि त्यांना कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला. घोणस असाच फुत्कार टाकते. आवाज कळेपर्यंत उजव्या घोट्याला चावा बसला होता.

आप्पांनी हाक मारली आणि आम्ही पळालो. आईने तिथेच रडायला सुरुवात केली. चुलतभाऊ काठी घेऊन साप शोधायला लागला. शेजारच्या एकाने खांद्यावरचा टॉवेल काढला, घोट्याच्या वर करकचून बांधायला. माझा मुलगा जाऊन पलीकडच्या वस्तीवरच्या अक्कांना घेऊन आला. अक्का म्हणजे आमच्या गावच्या आशाताई, आरोग्याचं काम करणाऱ्या आशा स्वयंसेविका. घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी. आल्या आल्या त्यांनी टॉवेलवाल्याचा हात धरला. ओढला नाही, नुसता धरला आणि म्हणाल्या, "बांधायचं नाय. तुम्ही फाट्यावर जावा, बॅटरी घेऊन हुबं ऱ्हावा." त्याला काम मिळालं आणि तो गेला. मग चुलतभावाला, "साप सोड. जीप आण." आईला, "आधार कार्ड आणि रेशन कार्ड पिशवीत घाला." एका मिनिटात गर्दी पांगली आणि जो तो कामाला लागला. आरडाओरडा थांबला तो गप्प बसा म्हटल्याने नाही, प्रत्येकाच्या हाताला काम आल्याने.

मग त्या आप्पांजवळ बसल्या. "अंजब्याडरी आप्पा," म्हणाल्या, म्हणजे घाबरू नका, आणि त्यांना जमिनीवरच आडवं केलं. उठून चालू दिलं नाही. पायात बांधलेला काळा दोरा ब्लेडने कापला, कारण पाय सुजला की तो रुतणार. ठिबकच्या पाइपचे दोन तुकडे पायाच्या दोन्ही बाजूंना ठेवून माझ्या ओढणीने सैलसर बांधले, हाड मोडल्यावर बांधतात तसे. पाय हलला की विष लवकर पसरतं, म्हणून. चाव्याला पाणी नाही, हळद नाही, चिरणं नाही, चोखणं नाही. माझ्याकडून पेन घेऊन त्यांनी आप्पांच्या पिंढरीवर सुजेच्या कडेला रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ९.४०. पुढे प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच आला, किती वाजता चावला? उत्तर पायावरच होतं.

१०८ ला फोन त्यांनीच लावला. तो कसा करायचा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आधी तालुका, मग गाव, मग कुठला फाटा, फाट्यावर माणूस उभा आहे, साप चावला आहे, रुग्ण शुद्धीवर आहे. समोरच्या प्रश्नांना तेवढीच उत्तरं. ॲम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागतील असं कळलं. अक्कांनी फोनवरच ठरवलं: आम्ही जीपने आरोग्य केंद्रात जातो, तुम्ही तिथे या. आरोग्य केंद्र आठ किलोमीटरवर होतं. हा निर्णय फार महत्त्वाचा ठरला, हे मला दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं. साप चावल्यावर मोठ्या दवाखान्यापेक्षा जिथे प्रतिविष आहे असा जवळचा दवाखाना आधी.

जीप निघता निघता भावकीतले एक काका आडवे आले. अमावस्या लागते आहे, आधी देवळात न्या, तिथे पाला देतात, म्हणाले. काका आप्पांपेक्षा वयाने मोठे, त्यांना उलटून बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. अक्का त्यांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही देवळात जाऊन आप्पांच्या नावानं नारळ फोडा. आम्ही सुई देऊन आणतो." काका खरोखरच देवळाकडे वळले. मला आजही ते वाक्य आठवलं की अक्कांचं कौतुक वाटतं. वाद घातला असता तर दहा मिनिटं गेली असती.

सव्वादहाला आरोग्य केंद्रात पोचलो. डॉक्टर आवारातल्या क्वार्टरमध्येच राहतात, अक्कांनी रस्त्यातून फोन केल्यामुळे ते दारात उभे होते. तिशीच्या आतले असावेत. ड्युटीवर एकच सिस्टर. इथे एक चाचणी झाली. सापाच्या देशातल्या प्रत्येक घराला ती ठाऊक असायला हवी. शिरेतून दोन मिली रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि नळी वीस मिनिटं तशीच ठेवतात, न हलवता. वीस मिनिटांनी ती तिरकी करून बघतात. रक्त गोठलं असेल तर ठीक. न गोठता वाहिलं, तर विषाने रक्ताची गोठण्याची ताकद घालवली आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, लागतं ते घड्याळ.

ती वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. सिस्टरनी नळी स्टँडला लावली, वेळ लिहिली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या वेळात त्यांनी आप्पांच्या दुसऱ्या हाताला सुई लावून ठेवली, बीपी घेतलं, रेघेच्या वर सूज किती चढली ती नवी रेघ मारली, कपाटातून प्रतिविषाच्या बाटल्या काढून मोजल्या. दुसऱ्या एका ट्रेमध्ये ॲड्रेनालिनचं इंजेक्शन भरून ठेवलं. ते कशाला, असं मी विचारलं. "लागलं तर शोधायला नको," एवढंच म्हणाल्या. आप्पा थुंकले तेव्हा थुंकीत रक्त दिसलं. आईला ते दिसू नये म्हणून सिस्टरनी तिला पाणी आणायला पाठवलं.

वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त सरळ वाहिलं.

डॉक्टरांनी दहा बाटल्या सुरू करायला सांगितल्या. प्रतिविषाची पावडर असते, प्रत्येक बाटलीत दहा मिली पाणी घालून ती विरघळवावी लागते. मला वाटलं होतं, घाईत जोरात हलवतील. सिस्टर मात्र एकेक बाटली दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवत होत्या. जोरात हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं. बाहेर आमची माणसं "लवकर करा, लवकर करा" म्हणत होती आणि आत त्या दहाही बाटल्या त्याच संथपणे फिरवत होत्या. हे औषध घोड्यांच्या रक्तातून तयार करतात आणि आपल्याकडचं एकच औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. म्हणून साप मारून दवाखान्यात आणायची काही गरज नसते. आणायच्या नादात दुसऱ्यालाही चावतो. लांबून फोटो सहज मिळाला तर ठीक, नाही तर लक्षणांवरून डॉक्टर ठरवतात. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट आहे.

सलाईन सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. आप्पांच्या अंगावर गांध्या उठल्या, थंडी भरून आली, ओठ सुजले, बीपी खाली गेलं. हे औषधाचंच रिॲक्शन होतं. मी डॉक्टरांना ओरडून हाक मारली. ते यायच्या आधी सिस्टरनी सलाईनची चावी बंद केली होती, ट्रेमधलं इंजेक्शन मांडीत दिलं होतं आणि पलंगाची पायाकडची बाजू उचलून त्याखाली विटा सरकवायला वॉर्डबॉयला सांगितलं होतं. आवाज एकदाही चढला नाही. पंधरा-वीस मिनिटांत आप्पांचा रंग परत आला. मग तेच औषध पुन्हा सुरू केलं, आधी अगदी हळू. मला वाटत होतं, आता ते नकोच. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून समजावलं की विषावर दुसरं औषध नाही आणि रिॲक्शन आवरता येतं.

इथे एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांबद्दल मी शाळेत असताना ऐकलं होतं. कोकणात विंचूदंशाने माणसं दगावत होती, तेव्हा १९७६ पासून बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी नेमकं काय बिघडतं ते टिपलं आणि प्राझोसिन या गोळीने मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मला ती फार दूरची गोष्ट वाटली होती. त्या रात्री कळलं की तसंच उशाशी बसणारं माणूस आपल्या आठ किलोमीटरवरच्या केंद्रातही असतं, आणि त्याला पुरस्कार मिळत नाही.

१०८ तोवर येऊन थांबली होती. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे आणि आपल्याकडे गाडीत डॉक्टर असतो, हे अनेकांना माहीत नसतं. पैसे लागत नाहीत. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: चाव्याची वेळ, चाचणीची वेळ आणि निकाल, किती बाटल्या दिल्या, रिॲक्शन आलं, त्यावर काय दिलं. ही चिठ्ठी जिवापाड सांभाळा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. गाडीतले डॉक्टर आप्पांशी सोलापूर येईपर्यंत उसाच्या भावाबद्दल बोलत होते. मधूनमधून "डोळे उघडा, पापणी जड वाटतीय का?" असं विचारत. नाग किंवा मण्यार असता तर पापण्या मिटल्या असत्या, गिळायला त्रास झाला असता, असं मला नंतर समजलं. गप्पांतून तपासणी चालली होती.

वाटेत नातेवाइकांचे फोन सुरू झाले. कुणी एका खासगी दवाखान्यात विचारून ठेवलं होतं, आधी साठ हजार भरा म्हणाले होते. आम्ही सिव्हिललाच गेलो. दीड वाजला होता. अपघात विभागात केसपेपर काढला. साप चावल्याची केस पोलिसांत नोंदवतात, त्याला एमएलसी म्हणतात. घाबरायचं काही कारण नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास चौकीतले हवालदार आले, आप्पांचा आणि माझा जबाब घेतला, कुठे, कधी, कसं एवढंच. एमएलसी नंबर मात्र लिहून ठेवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंशही येतो. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच पैसे मिळतात, आम्हाला ती लागली नाही, पण ज्यांना लागते त्यांचं घोडं पोलिसांच्या कागदावर अडतं.

सिव्हिलमध्ये दर सहा तासांनी तीच काचेच्या नळीची चाचणी. पहाटेची पुन्हा बिघडलेली आली, आणखी दहा बाटल्या दिल्या. १९ तारखेच्या दुपारी रक्त गोठलं. येळवशीचा नैवेद्य गावात काकांनी दाखवला, असा फोन आला. आम्ही आनंदलो. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर मात्र लघवीच्या पिशवीकडे बघत होत्या. मला कागद दिला आणि दर तासाला किती मिली झाली ते लिहायला सांगितलं. घोणशीचं विष रक्तानंतर किडनीवर जातं. रात्रीपर्यंत माझ्या कागदावरचे आकडे घसरत गेले आणि क्रिएटिनिन वाढत गेलं. किडनीचं काम मंदावलं की रक्तातला हा आकडा चढतो. २१ तारखेला ते सहाच्या वर होतं. डायलिसिस करावं लागेल, असं सांगण्यात आलं.

आई तो शब्द ऐकून मटकन खाली बसली. आमच्या ओळखीत डायलिसिस लागलेला कुणी त्यातून बाहेर आलेला नव्हता. तिथल्या तंत्रज्ञ मुलाने तिला खुर्ची दिली, यंत्राजवळ नेलं आणि रक्त कुठून जातं, कुठून परत येतं ते बोटाने दाखवलं. "मावशी, ह्यांची किडनी थकलीय. ती इसावा घेईपर्यंत हे मशीन काम करंल. बऱ्याच जणांची परत चालू होते." बरी होईलच असं त्याने म्हटलं नाही, आणि तेच मला पटलं. पहिल्या वेळी मध्येच आप्पांचं बीपी पडलं, यंत्राचा गजर वाजायला लागला. आम्ही उठून उभे राहिलो. त्याने आधी गजर बंद केला, मग यंत्राचा वेग कमी केला, सलाईन सोडलं, आणि हे करताना आप्पांना विचारत होता, "आप्पा, कुठला ऊस लावलाय यंदा?"

डायलिसिससाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद केले. आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या टेबलावर रेशन कार्ड, आधार आणि भरतीचा कागद लागतो. आमच्या कार्डावर आप्पांच्या नावातलं एक अक्षर आधारपेक्षा वेगळं होतं, तिथे दीड दिवस गेला. घरातल्या सगळ्यांची नावं दोन्ही कार्डांवर सारखी आहेत का, हे आजच बघून ठेवा. मंजुरी येईपर्यंत डायलिसिस थांबवलं गेलं नाही. सगळं मिळून आमचा खर्च असा झाला: बाहेरून आणलेली काही औषधं आणि तपासण्या ६,८०० रुपये, जेवणखाण आणि येणं-जाणं साधारण ९,०००. जीपवाल्या शेजाऱ्याने डिझेलचेही घेतले नाहीत.

नाताळनंतर दोन-तीन दिवसांनी लघवी वाढायला लागली. एका सकाळी माझ्या कागदावर एका तासाला साठ मिली भरली आणि मोठ्या सिस्टरनी तो कागद हातात घेऊन पहिल्यांदा हसून माझ्याकडे बघितलं. एका रात्री जागताना मी त्यांना विचारलं होतं की तुम्हाला भीती वाटत नाही का. त्या म्हणाल्या, वाटते, पण मनात क्रम म्हणत राहते: आता हे, मग ते. दुसऱ्याचं माणूस समोर असलं की तो क्रमच आधाराला येतो. अक्कांनाही मी फोनवर हेच विचारलं. त्यांनी सांगितलं की त्या रात्री घरी गेल्यावर त्यांचे हात इतके थरथरत होते की भाकरी थापता येईना, सुनेने थापल्या. हे ऐकून त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. शांत माणसं मुळातच वेगळ्या मातीची असतात असं मला वाटायचं. त्यांनाही भीती वाटते. फक्त ती बाजूला ठेवायला लागणारी माहिती आणि सराव त्यांनी कमावलेला असतो, बहुतेक वेळा तुटपुंज्या मानधनावर आणि रात्रपाळ्या करून.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली. वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर एक ऊसतोड कामगार बाई होती, कोपीत, म्हणजे झोपडीत, जमिनीवर झोपली असताना मण्यार चावलेली. मण्यारीचा चावा बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून उठली आणि तिच्या पापण्या उघडेनात. मुकादमाने ते ओळखलं म्हणून ती वाचली. शेतावर झोपणाऱ्यांनी खाट आणि मच्छरदाणी वापरावी, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात.

८ जानेवारीला डिस्चार्ज मिळाला. सोलापुरात सगळीकडे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची तयारी चालली होती. सुट्टीच्या कागदावर पुढच्या तपासणीच्या तारखा, क्रिएटिनिन १.९. घोट्याजवळची कातडी काळी पडली होती, तिचं ड्रेसिंग दिवसाआड. ते आरोग्य केंद्रातच करायचं ठरलं, त्या निमित्ताने सिस्टर पुन्हा भेटल्या.

आम्ही पेढे नेले होते. त्या दिवशी लसीकरण होतं, दारात बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. सिस्टरनी पेढ्यांचा पुडा त्या बायकांत वाटायला दिला आणि आधी डिस्चार्ज कार्ड मागितलं. आप्पांना एकूण किती प्रतिविष लागलं, डायलिसिस किती झालं, हे त्यांनी रजिस्टरमध्ये उतरवून घेतलं. त्या रात्री वापरलेल्या दहा बाटल्यांची मागणी दुसऱ्याच दिवशी वर पाठवली होती आणि त्या आल्याही होत्या, कपाट उघडून दाखवलं. मग आप्पांच्या पायाकडे बघून विचारलं, गमबूट घेतले का? घेतले होते, साडेचारशे रुपयांना, आणि एक मोठी बॅटरी. अक्काही लसीकरणाच्या यादीसह तिथेच होत्या. आप्पांनी त्यांच्याशी कानडीत काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण तेवढ्यात एक लेकरू रडायला लागलं आणि अक्का यादीतलं पुढचं नाव पुकारायला गेल्या.